हातोड्यावरचा आळ

६ फेब्रुवारी, मंगळवार

ठण्-ठण्-ठाण्. ठण्-ठण्-ठाण्.

दोन हलके, एक भारी. दादाचा हातोडा असाच पडायचा. तांब्याच्या भांड्यावर ओळीने खळगे पाडायचे — मठारणं म्हणतात त्याला — आणि त्याचा एकही खळगा ओळ सोडून जायचा नाही. मी कारखान्याच्या उंबऱ्यावर बसून शाळेतली कविता त्या ठेक्यावर म्हणायचो. अडखळलो की हातोडा थांबायचा. "पुन्हा म्हण."

साठ वर्षं होत आली. आज दवाखान्यात, किडनीच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तोच आवाज कानात स्पष्ट आला! मान वळवून पाहिलं, तर शिपाई स्टेपलरने कागद टाचत होता. म्हातारपणी मनाला काहीही पुरतं.

मग आत बोलावलं. मी, धाकटी बहीण आणि तिचा मुलगा — आमचा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवतो म्हणून पेंटर. वय अडतीस, लग्न केलं नाही, दोन्ही कानांना यंत्रं, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. येत्या वीस तारखेला त्याच्या आईचं एक मूत्रपिंड त्याला बसवायचं ठरलं होतं. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. धाकटीने तर बॅगही भरून ठेवली होती.

डॉक्टर म्हणाले, "शस्त्रक्रिया रद्द."

असं! बसा म्हणायच्या आधी!

मग समजावून सांगितलं. मुलाचा आजार जनुकातला आहे, तपासणीचा निकाल आला. आणि तेच बिघडलेलं जनुक आईतही सापडलं. बायकांना हा आजार सौम्य असतो, धाकटीची मूत्रपिंडं आज चालताहेत. पण एक काढलं तर उरलेलं किती दिवस साथ देईल सांगता येत नाही, आणि काढलेलंही त्याच कच्च्या मालाचं.

"माझं मी बघते," धाकटी म्हणाली. "चौसष्ट वर्षांची आहे मी. मला ते साठवून काय करायचंय?"

"मला नाही करता येणार, आई," डॉक्टर म्हणाले.

पेंटरने विचारलं, मग माझे कान? डॉक्टरांनी कागदावर चाळणी काढली. मूत्रपिंडात रक्त गाळणारी चाळणी असते, ती ज्या धाग्याने विणलेली असते तोच धागा कानाच्या आतही असतो. ह्या घराण्यात तो धागाच कच्चा बनतो. म्हणून कान आणि मूत्रपिंड जोडीने जातात, आणि जातात ते बहुतेक पुरुषांचे.

"घरात आणखी कोणी बहिरं होतं का?"

मी आणि धाकटीने एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "ते हातोड्यामुळे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कसला हातोडा?"

७ फेब्रुवारी

माझाही निकाल आला. जनुक स्वच्छ! पण मूत्रपिंड देता येणार नाही — साखर आहे, वीस वर्षांपासूनची. म्हणजे जिचं जुळतं तिला आजार, आणि ज्याला आजार नाही त्याचं चालत नाही. कुणावर ओरडावं कळेना. बसच्या कंडक्टरवर ओरडलो. तो बिचारा "बरं काका" म्हणाला. त्याने आणखीच चिडलो.

९ फेब्रुवारी

कसला हातोडा? तीन दिवस तोच प्रश्न. लिहूनच काढतो एकदा.

वडील लवकर गेले. आई आम्हा तिघांना घेऊन माहेरी आली. तिच्या थोरल्या भावाचा, आमच्या थोरल्या मामांचा, तांब्याच्या भांड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची खोली, सहा ऐरणी, एक भट्टी. मामा ठार बहिरे. बोलायचं तर समोर जाऊन हात हलवायचे. मामांचे मामाही बहिरे होते म्हणे, आणि तेही ह्याच धंद्यातले. हातोडा कान खातो — आमच्या घरात हे कुणी शिकवावं लागायचं नाही. सुताराच्या बोटाला घट्टे पडतात, शिंप्याची पाठ वाकते, आमचे कान जातात. धंदाच तसा!

दादा तेराव्या वर्षी ऐरणीवर बसला. चार वर्षांनी माझी पाळी. मला तेरावं लागलं तेव्हा मामांनी लहान हातोडा काढून ठेवला. दादाने तो उचलला, परत खुंटीला लावला, आणि मामांच्या तोंडासमोर जाऊन सावकाश म्हणाला, "ह्याचे कान राहू देत. हा कविता म्हणतो. ह्याच्या वाटणीचं मी ठोकतो."

ठोकलं त्याने. दोन माणसांचं काम, सोळा वर्षं. बाविशीत माझी हाक त्याला ऐकू येईना. तेहतिसाव्या वर्षी पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि गेला. वैद्य म्हणाले, कलईचा धूर अंगात भिनला. आम्ही माना डोलावल्या.

आणि मी? मी टेलिफोन एक्स्चेंजात लागलो. चौतीस वर्षं कानाला हेडफोन. "थांबा, जोडतो." कुणाचा मुलगा, कुणाची सासू, कुणाचं रडणं, कुणाचं भांडण — सगळं ह्या दोन कानांतून गेलं. आणि प्रत्येक आवाजाला वाटायचं, हा दादाने ऐकायचा होता.

वहिनींनी तर तोंडावरच सांगितलं. दादा गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात. दोन वर्षांची पोर कडेवर, ट्रंक दारात. माहेरी निघाल्या होत्या. म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचे कान तुम्ही वापरताय. नीट वापरा." गेल्या. बेचाळीस वर्षांत पुन्हा तोंड पाहिलं नाही.

आता सांगा — कुणाला सांगतोय मी, वहीला? — भट्टीवरचा म्हातारा कारागीर, नात्यातला नव्हे, परका, मामांच्याही आधीपासून ठोकत होता. सत्तरीतही पाठीमागे कुणी कुजबुजलं तर वळून शिवी हासडायचा! तो कसा बहिरा झाला नाही? आम्ही म्हणायचो, "त्याचे कानच जाड." आणि पेंटर? त्याने जन्मात हातोडा धरला नाही. ब्रश धरला. ब्रशाचा आवाज होतो का? तर पंचविशीत त्याचे कान गेले तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, "सारखी ती गाण्याची बोंडं कानात, दुसरं काय होणार!"

शहाणी माणसं आम्ही. उत्तर समोर बसून पाट्या रंगवत होतं, आणि आळ हातोड्यावर.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज वंशावळवाल्या बाईंकडे. दवाखान्यातच बसतात, जनुकांचा सल्ला देणाऱ्या. चौथा मजला, लिफ्ट बंद. टोकन एक्केचाळीस, आणि आत गेलेला एकोणीस नंबर बाहेर यायचं नाव घेईना. दीड तास! माझ्याशेजारच्या गृहस्थाने सबंध वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, जाहिरातींसकट.

बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या असत्या, मला मुलगी असती तर. त्यांनी कोरा कागद ओढला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आजारी असेल तर आत काळं, बिघडलेलं जनुक नुसतं वागवत असेल तर अर्धं काळं. मामांचा चौकोन काळा. दादाचा काळा. पेंटरचा काळा. धाकटीचा गोल अर्धा. आईचा गोल भरायला घेतला तेव्हा मी उगाचच "हळू" म्हणालो.

"तुमच्या आईकडे ह्या जनुकाच्या दोन प्रती होत्या, काका. एक धड, एक चुकलेली. मुलाला आईकडून एकच मिळते. नाणं उडवल्यासारखं असतं ते. भावाला चुकलेली मिळाली, तुम्हाला धड."

"आणि हातोडा?"

"हातोड्याने कान थोडेफार बिघडतात. मूत्रपिंड नाही बिघडत. तुमचे भाऊ शाळेत राहिले असते, तरीसुद्धा…"

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

म्हणजे मी ऐरणीवर बसलो असतो तरी आज बऱ्यापैकी ऐकत असतो! आणि दादाला मऊ गादीवर बसवलं असतं तरी तो गेलाच असता. बरं वाटायला हवं होतं ना मला? निर्दोष सुटल्यासारखं? छे! डोकं भणाणून गेलं. बेचाळीस वर्षं पाठीवर वागवलं ते एका नाण्याचं होतं? मग दादाने माझ्यासाठी जे केलं ते काय झालं? ते कुठल्या चौकोनात भरायचं?

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो — आमचे शाळेतले मास्तर कॉपी चुकीवरून पकडायचे. पाच वह्यांत कवितेच्या एकाच ओळीत तोच शब्द गळलेला, म्हणजे पाचांनी एकाचं पाहून लिहिलं. बाई पहिल्यांदा हसल्या. "आम्ही दुसरं काय करतो, काका?"

आणि मग त्यांनी दादाच्या चौकोनाखाली एक गोल काढला. "त्यांना मुलगी आहे म्हणालात ना?" आणि सरळ अर्धा काळा करून टाकला!

"अहो, तिची तपासणी कुठे झालीय?"

"ह्यासाठी लागत नाही. वडिलांकडून हे मुलाकडे जात नाही, पण प्रत्येक मुलीकडे जातंच. वडिलांकडे द्यायला दुसरी प्रतच नसते. तिला मुलगे आहेत?"

"माहीत नाही."

"असतील तर प्रत्येकाला निम्मी शक्यता. साधी लघवी तपासली तरी पहिली खूण सापडते. लवकर कळलं तर रक्तदाबाच्या गोळ्या देतात, त्यांनी मूत्रपिंडं कितीतरी वर्षं जास्त टिकतात, कधी दहा, कधी त्याहून जास्त. उशिरा कळलं की गोळ्यांच्या हातात फारसं राहत नाही. तुमच्या भाच्याचं तेच झालं. त्यांना लवकर कळवा."

"मग कळवा ना तुम्ही! तुमच्या लेटरहेडवर!"

"आम्हाला तशी परवानगी नाही. त्या आमच्या पेशंट नाहीत. घरच्यांनीच कळवायचं."

घरच्यांनी! कुठलं घर?

पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली होती, वीस-बावीस वर्षांपूर्वी. धाकटीला. मला नाही. घरी येऊन फोन लावला, म्हटलं पत्ता दे. "जुनं उकरू नकोस, अण्णा." आणि फोन ठेवला. माझ्यावर! ज्याने सबंध नोकरी लोकांचे फोन जोडण्यात घालवली त्याच्यावर!

१३ फेब्रुवारी

पुन्हा फोन. "पत्ता हरवला." खोटं बोलताना तिचा आवाज लहानपणापासून बारीक होतो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पेंटरबरोबर डायलिसिसला बसलो. एका ओळीत आठ खुर्च्या, आठ यंत्रं. रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन परत येतं. चार तास. समोरच्या भिंतीवर "शांतता राखा" अशी पाटी. पेंटर दर वेळी तिच्याकडे बघून चरफडतो. "हे अक्षर बघ, मामा. 'शां'च्या डोक्यावरचं टिंब 'त'वर पडलंय. असल्या माणसाला ब्रश देतात!"

त्याला सगळं सांगितलं. चौकोन, गोल, वहिनी, पत्ता. सांगता सांगता माझा आवाज चढला.

"ओरडू नकोस. मला ओठांवरून कळतं आणि नर्सला कानांवरून."

मग पुन्हा पाटीकडे वळला. म्हणाला, "माझे कान गेले तेव्हा कोणी म्हणालं असतं ना, एकदा लघवी तपासून घे — पाच मिनिटांचं काम होतं. कोणी म्हणालं नाही. तुम्ही सगळे म्हणालात, गाणी कमी ऐक. मी ऐकलंही तुमचं. तेरा वर्षं झाली, गाणं ऐकलं नाही."

रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. पाटीचा मजकूर वाचल्यासारखा बोलला.

"तिकडे एखादा असेल माझ्यासारखा," म्हणाला. "आईशी मी बोलतो."

१९ फेब्रुवारी

धाकटी आली. दारातूनच, चपला न काढता बोलायला लागली.

"मी दिलं त्याला. ऐकलंस, अण्णा? पोटात असताना दिलं. वाईट होतं तेवढं सगळं घेतलं माझ्याकडून, कुणी अडवलं नाही. आता चांगलं द्यायला गेले तर म्हणे नको! आणि त्या पोरीला कळवायचं म्हणतोस? काय कळवायचं — बाई गं, तूही दिलं असशील? तिला पुन्हा झोप लागेल का? मला लागते का?"

तिला बसवलं. पाणी दिलं. चहा केला. साखर माझ्या हिशेबाने घातली, म्हणजे घातलीच नाही. तिने तसाच प्यायला.

उठताना पिशवीतून पत्रिका काढून टेबलावर ठेवली. पिवळी पडलेली, पण अक्षर न् अक्षर शाबूत. "पाठव. पण पत्ता मी दिला असं लिहू नकोस."

"मग कोणी दिला म्हणू?"

"काहीही लिही. तुला येतं की लिहायला."

उद्या वीस तारीख. तिने बॅग अजून उपसलेली नाही, पेंटरने सांगितलं.

२१ फेब्रुवारी

पत्र लिहून झालं! दोन दिवस लागले. चार पानं, पाठपोट. प्रत करून ठेवली आहे.

सुरुवात अशी — "कालप्रवाहाच्या ह्या तीरावरून त्या तीराला हाक घालताना ह्या थकल्या स्वराला कंप सुटतो आहे. बाळ, ज्या हातांनी तांब्याला चंद्रकळा दिली, त्या हातांची तू लेक…" चंद्रकळा! हा शब्द नेमका मिळायला अर्धा दिवस गेला. दोन ठिकाणी तर वृत्तच साधलं, न ठरवता. बऱ्याच दिवसांनी हात असा चालला. दादाबद्दल लिहिताना डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दुपारच्या टपालात टाकलं.

२९ फेब्रुवारी

उत्तर नाही. पोस्टमन आज आला, वरच्या मजल्यावर गेला, शिट्टी वाजवत उतरला. मी दारातच उभा. "तुमचं नाही काही, आजोबा." हे त्याने हसत का सांगावं?

२ मार्च, शनिवार

पत्राची प्रत पेंटरला दाखवली. डायलिसिसच्या खुर्चीवर, एका हाताने कागद धरून वाचत होता. पहिलं पान. दुसरं पान. मी त्याचा चेहरा बघत होतो, आता डोळ्यांत पाणी येईल, आता येईल. तिसऱ्या पानावर थांबला.

"मामा, किडनी तिसऱ्या पानावर येते."

"ओघात येते."

"आणि तिथेही तू किडनी म्हटलेलं नाहीस. 'देहाच्या अंतर्गृहातील ती मौन चाळणी' म्हटलंयस. हे वाचून बाई धान्य चाळेल, डॉक्टरकडे कशाला जाईल?"

शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ फिसकन हसले. मला इतका राग आला की कागद हिसकावून घेतला.

"तुला कवितेतलं काय कळतं!"

"काही नाही. मला पाटीतलं कळतं. चालत्या बसमधून जाणाऱ्या माणसाला वाचता आलं पाहिजे. दुकान कसलं, कुठे, कधी उघडं. बस्स! मालकाच्या वडिलांचं पुण्य नंतर, जागा उरली तर."

"ते पत्र माझ्या भावाबद्दल आहे."

"नाही, मामा. ते पत्र तुझ्याबद्दल आहे." आणि मग हळू आवाजात — त्याचा हळू म्हणजे इतरांचा नेहमीचा — "तिच्या पोरांबद्दल असायला हवं होतं ना?"

उठून आलो. निरोपही घेतला नाही.

४ मार्च

तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. साधं लिहिणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक वाक्याला शेपूट फुटतं. "तुझे दुर्दैवी वडील" — दुर्दैवी खोडलं. "हे लिहिताना लेखणी अडखळते" — अडखळू दे, तिला काय त्याचं! खोडलं.

शेवटी पेंटरकडेच गेलो. माफी मागितली नाही, त्याने मागायला लावलीही नाही. तो दुकानातल्या फळीवर बसून म्हणाला, "सहा ओळी देतो तुला. सातवी मिळणार नाही."

तुझ्या वडिलांचा आजार हातोड्यामुळे नव्हता.
तो जन्मापासून अंगात असतो, आणि त्यात कान व किडनी जातात.
तो तुझ्याकडे आलेला आहे, तुझ्या मुलांकडे आलेला असू शकतो.
मुलांची लघवी आणि कान ह्याच आठवड्यात तपासून घे.
आत्ता कळलं तर गोळ्यांनी पुष्कळ वर्षं मिळतात.
माझ्याकडे ये, मला फोन कर, किंवा ह्या डॉक्टरांकडे सरळ जा.

खाली डॉक्टरांचं नाव, दोन फोन नंबर, माझा पत्ता. "काका" एवढीच सही.

मोठ्याने वाचून पाहिलं. वृत्त नाही, यमक नाही, एक विशेषण नाही. पुन्हा एकदा वाचलं. पेंटरने लाल रंगात पाकिटावर ठसठशीत काढलं — आधी हे वाचा. आणि अक्षराकडे मान तिरकी करून बघत म्हणाला, "जमलंय." पाकिटाबद्दल म्हणाला की पत्राबद्दल, कोण जाणे.

रजिस्टर केलं. पोचपावतीसह.

१३ मार्च, बुधवार

पोचपावती आली. सही पुतणीची नाही. वहिनींची!

तेच अक्षर, 'ह'ची शेपटी लांब ओढलेली. म्हणजे पुतणीच्या घरी वहिनी राहतात. म्हणजे माझं पत्र त्यांच्या हातात पडलं. पहिलंही त्यांच्याच हातात पडलं असणार! फाडलं असेल. चुलीत घातलं असेल. मला काय वाट्टेल ते म्हणा, कान वापरले म्हणा, अन्न खाल्लं म्हणा — पण पोरांच्या मध्ये का उभ्या राहता, वहिनी? तुमचीच ना ती?

पोचपावती वहीत ठेवली. उद्या फोन लावून बघतो.

१४ मार्च

पत्रिकेवर जावयाच्या घराचा जुना नंबर होता. फिरवला. "हा क्रमांक अस्तित्वात नाही." बाईचा गोड आवाज, तीनदा ऐकवला. एके काळी मी नंबर कुठे हलला ते दोन मिनिटांत शोधून दिलं असतं. आता तिला विचारायचीही सोय नाही.

१८ मार्च

पेंटर दवाखान्यात. डायलिसिसच्या नळीतून जंतू गेले, ताप एकशे तीन. कानातली यंत्रं काढून ठेवली आहेत, त्यामुळे कुणाचंच काही ऐकू येत नाही. धाकटी त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून बोलते. डॉक्टर म्हणतात उतरेल. मूत्रपिंडासाठी त्याचं नाव यादीत लावलंय. यादी केवढी आहे, विचारलं. डॉक्टरांनी नुसती पाठ थोपटली. मला थोपटलेलं आवडत नाही.

२० मार्च

ताप उतरला. पहिलं वाक्य लिहून दाखवलं त्याने — "उत्तर आलं का?"

नाही आलं. आणि आज मला स्वतःचाच इतका संताप आला आहे की सांगता सोय नाही. सहा ओळी होत्या! सहा. त्या ओळी फेब्रुवारीतच टाकल्या असत्या तर? त्याऐवजी ह्या वहीएवढी चार पानं भरली मी, चंद्रकळा शोधत बसलो. दादाने कवितेसाठी माझे कान राखले, आणि मी त्याच कवितेत त्याच्या नातवंडांचे दोन आठवडे घालवले. मौन चाळणी म्हणे! शाळेत मास्तर शाबासकी द्यायचे ना, म्हणून. अजून तीच हवी आहे ह्या म्हाताऱ्याला.

हातोड्यावर आळ घातला, तो खोटा निघाला. हा माझ्यावरचा मात्र खोटा नाही.

ठरलं. स्वतः जाणार. वहिनींनी दार लावून घेतलं तर दाराबाहेर उभं राहून सहाच्या सहा ओळी म्हणेन. पाठ आहेत. शनिवारची सकाळची गाडी, तिकीट काढलं. धाकटी म्हणते, साखर वाढेल. वाढू दे.

२२ मार्च, शुक्रवार

घाईत लिहितोय, बाहेर वहिनी पाणी पिताहेत.

हो, वहिनी! सव्वानऊला बेल वाजली, मी उद्याची पिशवी भरत होतो. दार उघडलं. डोकं सबंध पांढरं, जिन्याने धाप लागलेली, हातात लाल अक्षरांचं पाकीट. मी "या" म्हणालो की नाही, आठवत नाही.

"भावोजी, पहिल्या पत्रातलं मला काही कळलं नाही. दुसरं थोरल्या नातवाने वाचून दाखवलं. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, फार मोठ्याने वाचतो. सगळ्या गल्लीने ऐकलं."

"कुठे आहे तो?"

"खाली. पाय सुजलेत, जिना चढवत नाही." मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "धाकट्यालाही आणलंय. त्याला अजून ऐकू येतं. डॉक्टर किती वाजता बसतात?"